मी पाहिलेली पेनल्टी

कर्जत-खालापूर मुलींच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना पाहायला दोन्ही तालुक्यांतून मिळून दोन-अडीचशे माणसं आली असतील. पण त्या सामन्यातली शेवटची पेनल्टी सांगावी तर ती मीच! हे मी नाही म्हणत, लोक म्हणायचे. म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत म्हणायचे.

मी मधू. कर्जतच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. माझी बायको सुनीती शाळेत गणित शिकवते आणि आमची एकुलती एक मुलगी सई नववीत आहे. सई दहिवलीच्या मुलींच्या संघात गोली आहे, आणि त्या संघाने नोव्हेंबरात शिळफाट्याजवळच्या मैदानावर खोपोलीच्या संघाला हरवून कप जिंकला. तोही कसा? पेनल्टीवर! तोही कुणामुळे? आमच्या सईमुळे!

त्यानंतर महिनाभर माझ्या दुकानात चष्मा कमी आणि फुटबॉल जास्त खपला. गिऱ्हाईक आलं की मी त्याला खुर्चीत बसवायचो, डोळ्यांवर ती तपासायची जड फ्रेम चढवायचो आणि म्हणायचो, "वाचा." तो बिचारा "प... ग... म..." करत दुसऱ्या ओळीवर येईपर्यंत मी सामन्याच्या दुसऱ्या हाफमध्ये शिरलेला असायचो!

"एक-एक बरोबरी! मग पेनल्ट्या. आपल्या पाचातल्या चार आत. त्यांच्या चारातल्या तीन आत. आता त्यांची शेवटची. गेली आत तर परत बरोबरी, अडली तर कप आपला! मारायला कोण? ऋतिका! मुलगी नाही हो, तोफ आहे तोफ! समोर आमची सई. हायवेवरचे ट्रकसुद्धा हॉर्न वाजवायचे थांबले! आणि मग..."

इथे मी थांबायचो. डोळ्यांवर लोखंड चढवलेला माणूस खुर्चीच्या टोकाला यायचा. "मग? मग काय झालं?"

"मग सईने डावीकडे झेप घेतली! आडवी! हवेत!"

एका मास्तरांना तर मी याच भरात त्यांच्या बायकोच्या नंबरचा चष्मा देऊन टाकला. आठवडाभर ते तोच घालून हिंडत होते. परत आले तेव्हा मला वाटलं, आता भांडणार. तर मास्तर म्हणाले, "ते झेपेचं अर्धवट राहिलं होतं बघा, गिऱ्हाईक आलं होतं मध्ये. तेवढं पूर्ण सांगा."

इतका माझा हातखंडा!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? ती पेनल्टी मी पाहिलीच नव्हती.

झालं असं की, त्यांची तिसरी पेनल्टी आत गेली तेव्हा माझ्या पोटात मिक्सर सुरू झाला.  चौथी बाहेर गेली तेव्हा बाकीचे नाचले, मी मात्र खाली बसलो. कारण मला हिशेब कळला होता. आता सगळं पाचवीवर, आणि पाचवीला समोर माझी पोर!  मी सुनीतीला म्हटलं, "पाण्याची बाटली आणतो." आणि मैदानाच्या कडेला आमच्या संघाचा टेंपो उभा होता, त्याच्या मागे जाऊन, वर चढून, ताडपत्री खाली ओढून, चेंडूंच्या जाळीच्या पिशव्यांमध्ये बसलो. डोळे गच्च मिटले आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

थोड्या वेळाने बोटांमधूनही ओरडा ऐकू आला. पण कोणाचा? ओरडा काय, दोन्ही तालुक्यांचा सारखाच असतो! मी ताडपत्री बोटभर उचलली. बघतो तर दहिवलीच्या मुलींचा ढीग पडलेला आणि त्या ढिगाखालून सईचे ग्लोव्हज बाहेर आलेले! मी टेंपोतून जो सुटलो, तो घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसारखा! सगळ्यात जास्त मी नाचलो. सगळ्यात जास्त मी रडलो. कोच केयूर सरांना तर मी उचललंच, आणि ते नव्वद किलोचे आहेत!

त्या दिवशी घरी शेजारीपाजारी जमले. कुणीतरी विचारलं, "अडवली कशी गं सई?" सई तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, डावीकडे झेप घेतली!"

हे मला कसं कळलं? तिच्या जर्सीच्या डाव्या बाजूला लाल माती होती! आमच्या धंद्यात नजर अशीच लागते. सईने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ती हात धुवायला आत गेली. मला वाटलं, किती ही विनयशील मुलगी!

खोटं उघडं पडायला कोणी तरी खरं पाहिलेलं असावं लागतं. इथे तीच अडचण होती. सुनीती मोबाइलवर व्हिडिओ घेत होती, पण ऐन वेळी तिने मोबाइल छातीशी धरला आणि डोळे मिटले. त्यामुळे व्हिडिओत अकरा सेकंद निळी साडी आहे, बाकी काही नाही. केयूर सर पेनल्टी आली की तोंड फिरवून उभे राहतात. त्यांचा तो नेम आहे. मुली एकमेकींच्या खांद्यात डोकी खुपसून उभ्या होत्या. आमच्या बाकीच्या लोकांना लांबून नुसता ढीग दिसला. खोपोलीवाल्यांनी व्हिडिओ काढले असतील, पण हरलेली पेनल्टी मोबाइलमध्ये कोण ठेवतं! मग सगळे माझंच ऐकायचे. दोन आठवड्यांनी तर केयूर सर मलाच माझी झेप सांगायला लागले, तीही हाताने दाखवून!

आता एकच एक गोष्ट महिनाभर सांगायची म्हणजे सांगणाऱ्यालाही कंटाळा येतो. त्यामुळे थोडी-थोडी भर पडत गेली. आधी नुसती झेप होती. मग ती हवेत आडवी झाली. मग बोटाच्या टोकाने चेंडू ढकलला गेला. आणि एके दिवशी 'उल्हासकाठ' साप्ताहिकाचा ओमकार दुकानात आला. हा पत्रकारही तोच, संपादकही तोच आणि अंक वाटणाराही तोच. त्याने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला. मोबाइल समोर दिसला की माणसाचं काय होतं, तुम्हाला माहीत आहे!

मी म्हटलं, "ओमकार, खरी गंमत कोणाला ठाऊकच नाही. शिट्टी वाजायच्या आधीच सईने ऋतिकाचं मन ओळखलं! ती मारायच्या आधीच सई दोन पावलं पुढे सरसावली होती. पंचांनाही कळलं नाही, इतकी चपळाई! आणि मग झेप!"

पहिल्या पानावर आलं! मोठ्या अक्षरांत: "मारण्याआधीच दोन पावलं पुढे! पंचांनाही कळलं नाही! गोलीच्या वडिलांनी उलगडला थरार." शेजारी माझा फोटो, काउंटरवर हात टेकलेला. सईचा फोटो आत, चौथ्या पानावर, बारीक.

मी पंचवीस अंक घेतले. एक दुकानात दर्शनी भागात लावला, नातेवाइकांत वाटले आणि एक खोपोलीला माझ्या साडूला पाठवला. मुद्दाम! तो खोपोलीचा कट्टर. जळू दे जरा, म्हटलं.

साडू जळला नाही. त्याने तो अंक शांतपणे खोपोलीच्या संघाच्या कोचला नेऊन दिला.

तीन दिवसांनी भर दुपारी केयूर सर दुकानात आले. धापा टाकत, हातात एक कागद.

"काका, तुम्हाला नियम माहीत आहे का?"

"कुठला?"

"पेनल्टी मारली जाईपर्यंत गोलीचा निदान एक पाय रेषेवर लागतो! आधीच पुढे आली आणि अडवली, तर ती पेनल्टी पुन्हा मारायची!"

"असं असतं होय?" मी म्हटलं. महिनाभर फुटबॉलवर बोलत होतो, पण एवढ्या खोलात मी कधी गेलो नव्हतो.

"खोपोलीने तक्रार केली आहे. सोबत तुमचा अंक जोडलाय! गोलीचे सख्खे वडील छापून सांगतायत की ती दोन पावलं पुढे होती, मग आणखी काय पुरावा हवा? त्यांना पेनल्टी परत पाहिजे. समितीने कप आपल्याकडून मागवून घेतलाय, निकाल लागेपर्यंत कपाटात राहणार!"

"सर, दोन पावलं म्हणजे... अगदी लहान पावलं हो."

केयूर सर खुर्चीत बसले आणि त्यांनी ती तपासायची फ्रेम स्वतःच डोळ्यांवर चढवली. बहुधा त्यांना माझं तोंड बघायचं नव्हतं.

घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. सुनीतीचा पारा चढलेला होता, पण तो खोपोलीवर. "रडके कुठले! अहो, रविवारी समितीपुढे बैठक आहे. तुम्ही ठणकावून सांगा सगळं. तुमच्याइतकं स्पष्ट कोणीच पाहिलेलं नाही!"

सई पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती. तिने विचारलं, "बाबा, मी खरंच पुढे आले होते?"

"नाही गं. म्हणजे... किंचित."

"तू पाहिलंस?"

"म्हणजे काय! माझ्या या डोळ्यांनी!"

ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने ते हळूच लावलं.

पुढचे चार दिवस मी आरशासमोर सराव केला. पुढे आली होती म्हणावं, तर कप जातो. नव्हती म्हणावं, तर पेपरात कसं आलं? आणि मी पाहिलंच नाही म्हणावं, तर मग पंचवीस अंकांचं काय! बायको काय म्हणेल? बाजार काय म्हणेल? ते मास्तर काय म्हणतील? शेवटी ठरवलं: सई रेषेवर होती असं सांगायचं आणि बाकी सगळं ओमकारवर ढकलायचं.

रविवारी सकाळी अकरा वाजता खोपोलीतल्या एका बालवाडीच्या वर्गात बैठक भरली. दुसरी जागा मिळाली नव्हती. त्यामुळे एवढ्या गंभीर प्रसंगी सगळी मोठी माणसं वीतभर उंचीच्या लाल-पिवळ्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून बसली होती. भिंतीवर हत्ती, ससा आणि मोर. मोराखाली समितीचे अध्यक्ष चांगोभाऊ. तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळलेला, आता भातशेती करणारा रांगडा माणूस. त्यांच्या एका बाजूला सामन्याचे पंच बुधाजी सर. दुसऱ्या बाजूला खोपोलीचे कोच आणि ऋतिका. समोर आम्ही तिघं, केयूर सर आणि ओमकार. टेबलावर मधोमध कप!

आधी बुधाजी सर उठले. खिशातून त्यांनी 'उल्हासकाठ'ची घडी काढली. ती इतक्या वेळा उघडली होती की मधोमध फाटली होती.

"तेवीस वर्षं शिट्टी वाजवतोय," ते म्हणाले.  "शाळांचे सामने, गावचे सामने, भर उन्हात! मुलगी रेषेवर होती, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय! आणि यात छापलंय, 'पंचांनाही कळलं नाही.' माझ्या नातवाने मला वाचून दाखवलं हे!"

मी हत्तीकडे पाहत राहिलो.

"मधूशेट," चांगोभाऊ म्हणाले, "तुमी पुढं या. तुमी पाह्यलंत ना समदं?"

"पाहिलं."

"पोरगी रेषेवर व्हती का पुढं?"

"रेषेवर! पक्की रेषेवर! खिळा ठोकल्यासारखी!"

"मंग पेपरात दोन पावलं कुठनं आली?"

"ते... ओमकारने आपल्या मनाने लिहिलं."

ओमकार ताडकन उठला. बालवाडीची खुर्ची त्याच्यासोबत उठली, ती त्याला घट्ट बसली होती. त्याने मोबाइल काढून ते रेकॉर्डिंग सुरू केलं. वर्गात माझा आवाज घुमला: "...सई दोन पावलं पुढे सरसावली होती. पंचांनाही कळलं नाही, इतकी चपळाई!..."

आवाज माझाच. आणि काय खणखणीत हो! त्या शांततेत तर फारच.

खोपोलीचे कोच म्हणाले, "भाऊ, आता काय राहिलं? घरचाच माणूस दोन वेगळं सांगतोय. एक पेपरात, एक इथं. पेनल्टी परत घ्या, विषय संपवा!"

चांगोभाऊंनी मान हलवली. "खरं हाय. बाप जर असा कोलांट्या मारतोय, तर काय तरी काळंबेरं असंल. पेनल्टी परत घ्यावी लागंल असं दिसतंय."

मी सईकडे पाहिलं. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती आणि टेबलावरच्या कपाकडे बघत होती. रडत नव्हती. पण तिचा खालचा ओठ, लहानपणी इंजेक्शन देताना व्हायचा ना, तसा झाला होता.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. या वेळी मात्र खरं.

"मी पाहिलंच नाही हो!"

"काय?"

"पेनल्टी! पाहिलीच नाही! मी टेंपोत होतो. ताडपत्रीखाली. डोळे मिटून, कानांत बोटं घालून! डावीकडे नाही, हवेत नाही, दोन पावलं नाही. सगळं मी रचलं! पहिल्या दिवसापासून!"

 सुनीती माझ्याकडे अशी बघत होती, जणू वर्गातल्या मुलाने बेरजेऐवजी थेट उत्तर ढापून लिहिलंय आणि तेही चुकीचं!

आणि मग चांगोभाऊ हसले. "बसा, मधूशेट. पोरीसाठी बाप खोटं बोलतोच. आमी समजू शकतो."

"अहो, हे खरं आहे!"

"एवढा मोठा माणूस, पोरीची फायनल सोडून टेंपोत कशाला बसंल?"

"भीती वाटली म्हणून!"

"आता रडायचं बाकी ठेवलंय याने," खोपोलीचे कोच म्हणाले. "नाटक सगळं!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पेनल्टीबद्दल खरं बोलत होतो, आणि कोणी विश्वास ठेवायला तयार नाही! महिनाभर खोटं सांगितलं, ते लोकांनी चहासोबत पिऊन टाकलं होतं!

तेव्हा बुधाजी सर म्हणाले, "भाऊ, मी एक साक्षीदार आणलाय. गोलच्या मागे बसलेली होती. ना कर्जतची, ना खोपोलीची." आणि त्यांनी बाहेर हाक मारली.

आत आली अंबाबाई. साठीची, काटक, कमरेला पदर खोचलेली. मैदानावर सामने असले की काकड्या विकायला बसते. तिने दारातूनच सगळ्यांवर नजर फिरवली. माझ्यावर येऊन ती थांबली.

"आरं! ह्यो तर टेंपोतला मानूस!"

"कोन म्हनलीस, आंबामावशी?" चांगोभाऊ पुढे सरकले.

"ह्यो! माज्या टोपलीजवळच टेंपो व्हता. ह्यो आला, येक काकडी घेतली, वर चढला, ताडपत्री वढली. मला वाटलं, कायतरी चोरतोय. म्हून वाकून पाह्यलं. तर डोळं मिटून, कानात बोटं घालून बसलेला! तोंडात काकडी तशीच, आन देवाचं नाव घेतोय!"

काकडीचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. माझ्याही लक्षात नव्हतं.

"म्हंजी पेनल्टीच्या टायमाला ह्यो आतच व्हता?"

"आतच! मी पाह्यलं की!" आणि अंबाबाईने माझ्याकडे वळून, खूप मायेने विचारलं, "आता बरं हाय का रं पोटाला?"

भर बैठकीत, दोन तालुक्यांच्या साक्षीने माझ्या भित्रेपणाचा दाखला मिळाला! आणि खरं सांगतो, एवढा आनंद मला कप जिंकल्यावरही झाला नव्हता.

"मंग आता इचारायचं कोनाला?" चांगोभाऊंनी डोकं खाजवलं. मग ते सईकडे वळले. "पोरी, तूच सांग. तुला इचारलं का गं कुनी आतापावतर?"

"नाही," सई म्हणाली.

नुसतं "नाही". पण ते ऐकून मला त्या वीतभर खुर्चीच्याही खाली जावंसं वाटलं. महिनाभर मी अख्ख्या बाजाराला सांगत होतो. घरात जिने अडवली तिला एकदाही विचारलं नव्हतं!

सई उभी राहिली. "मी नेहमी डावीकडेच झेप घेते. सर ओरडतात त्यावरून. तेव्हाही डावीकडेच जाणार होते. पण त्याआधी मी बाबाला शोधत होते. आईच्या शेजारी होता, मग दिसेना. मला वाटलं, त्याला काही झालं की काय. मी बघतच होते, तेवढ्यात शिट्टी झाली आणि ऋतिकाने मारलासुद्धा. मी हललेच नाही. चेंडू सरळ पोटात आला. मी धरला. मग सगळ्या माझ्या अंगावर पडल्या आणि मी डाव्या कुशीवर आडवी झाले."

"बरोबर आहे!" ऋतिका एकदम बोलली. "ती डावीकडे जाते हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून मी मुद्दाम मधोमध मारला! आणि ही बया जागची हललीच नाही! मी महिनाभर विचार करतेय, हिला कळलं कसं?"

खोपोलीच्या कोचनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं मी त्या मोबाइलकडे पाहिलं होतं.

"पोरगी रेषेवरच व्हती," अंबाबाई म्हणाली. "कुनाला तरी हुडकत व्हती. मी म्हनलं, आगं, समोर बघ की!"

"हेच मी पहिल्यापासून सांगतोय!" बुधाजी सर म्हणाले. त्यांनी 'उल्हासकाठ'ची घडी टराटरा फाडली. आधीच मधोमध फाटलेली होती, त्यामुळे फार जोर लागला नाही.

चांगोभाऊंनी कप उचलून सईच्या हातात दिला. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते पोट धरून हसायला लागले. "म्हंजी मधूशेट, तुमी जागंवर दिसला असता, तर ही पोरगी डावीकडं गेली असती आन गोल झाला असता! कप तुमच्या टेंपोनं आनला म्हना की!"

सगळा वर्ग हसला. ऋतिकाही हसली. माझ्या मनात मात्र लख्ख उजेड पडला. खरंच की! म्हणजे एका अर्थाने हा विजय माझ्याच...

"अहो," सुनीती म्हणाली, "मनात काय चाललंय ते कळतंय मला. एक अक्षर बोलू नका."

नाही बोललो.

परत येताना रिक्षात सई मधोमध बसली होती, कप मांडीवर.  मी विचारलं, "तुला माहीत होतं? मी तिथे नव्हतो ते?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकं छान सांगत होतास. आणि मला वाटायचं, सांगून झालं की मला विचारशील." तिने कपावरची धूळ बोटाने पुसली. "पेनल्टी बघितली नाहीस त्याचं काही नाही, बाबा. मलाही भीती वाटत होतीच. पण मला तिथून जाता येत नव्हतं ना."

 मी म्हटलं, "पुढच्या सामन्याला काहीही होऊ दे, मी हलणार नाही."

पुढचा सामना जानेवारीत होता, खोपोलीशीच, मैत्रीचा म्हणून, आमच्या दहिवलीच्या मैदानावर. तोपर्यंत माझी कीर्ती दोन्ही तालुक्यांत पसरली होती. ओमकारने पुढच्याच अंकात छापलं होतं: "गोलीचे वडील टेंपोत सापडले!" या वेळीही फोटो माझाच. साडूने त्याचे पन्नास अंक घेतले, असं कळलं.

मैदानावर पोचतो तोच केयूर सरांनी मला कोपऱ्यात घेतलं. "काका, राग मानू नका. पण तुम्ही जरा टेंपोत बसता का? मुलींना बरं पडतं."

"सर, मी शब्द दिलाय."

"ताडपत्री नवी घातली आहे. आत उशी ठेवली आहे!"

मुलीही हळूच "काका, प्लीज" करायला लागल्या. पण सई गोलमधून ओरडली, "बाबा इथेच बसणार! मला दिसेल असा!"

मी गोलच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलो. सुनीतीने माझी बाही धरून ठेवली होती. माझी नजर दोनदा टेंपोकडे गेली, पण मी हललो नाही. डोळे सताड उघडे! सामना सुरू झाला. सातव्या मिनिटाला सईने माझ्याकडे पाहिलं. मी खूश होऊन हात हलवला. तिनेही हलवला. तेवढ्यात ऋतिकाने चेंडू आत घातला.

आम्ही पाच-शून्य हरलो.

सामना संपल्यावर सगळा संघ माझ्याकडे असा बघत होता, जणू ते पाच गोल मीच मारले होते! केयूर सर तर रिकाम्या टेंपोकडे बघत उभे होते. फक्त सई हसत हसत आली, ग्लोव्हज काढून तिने माझ्या हातात दिले.

"पाहिलंस सगळं?"

"पाचही."

"तिसरा कसा गेला, कळलं?"

"नाही बुवा. तू सांग."

आणि ती घरापर्यंत सांगत होती. मी मध्ये एकदाही बोललो नाही.

तर मंडळी, हा सामना मी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. एकही शब्द पदरचा घालायची गरज नाही, इतका नीट पाहिलाय. पण दुकानात सांगायला घेतो, तर लोक दुसऱ्या गोलालाच चष्मा उचलून चालू लागतात हो! परवा ते मास्तर आले होते. त्यांना खुर्चीत बसवून, फ्रेम चढवून, दारही लोटून घेतलं. चौथ्या गोलापर्यंत त्यांनी ऐकून घेतलं, मग फ्रेम काढून माझ्या हातात दिली.

म्हणाले, "मधूशेट, यापेक्षा ते झेपेचंच सांगा. ते खरं वाटतं!"